परत गेलेलं वाण

दिवाळीच्या फराळाचा डबा जो माणूस परत पाठवतो, त्याला एकतर मधुमेह असतो नाहीतर माज असतो, असं माझं पक्कं मत होतं. डंकनसाहेबांनी ते खोटं ठरवलं. त्यांना दोन्ही नव्हतं.

झालं असं की, दिल्लीतल्या आमच्या पटपडगंजच्या सोसायटीत कमिटीची निवडणूक होती आणि मी सेक्रेटरीपदाला उभा होतो. निवृत्त सरकारी माणसाला एवढाच एक उद्योग उरतो. मतमोजणीला कुठल्याच गटात नसलेला माणूस हवा होता, म्हणून सगळ्यांनी मिळून वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या इंग्रजाला गळ घातली. त्याच सुमारास दिवाळी आली. वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, रिवाजाप्रमाणे फराळाचा डबा वर पाठवला. गोऱ्या माणसाला सोसणार नाही म्हणून चकलीत तिखटही कमी घातलं. संध्याकाळी डबा झाकणही न उघडता परत आला. सोबत शुद्ध मराठीत, शाळकरी वळणाच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘आपण उमेदवार आहात आणि मोजणीचं काम या घराकडे आहे. तेव्हा निकालापर्यंत फराळ घेणं योग्य ठरणार नाही, असं वाटतं. डबा जड लागला, त्यावरून चकल्या पुष्कळ असाव्यात. त्याबद्दल खेद आहे.’

वसुधा दोन दिवस धुमसत होती. मी म्हटलं, जाऊ दे, साहेब आहे. निवडणुकीत मी नऊ मतांनी पडलो. साहेबांनी ती मतं तीन वेळा मोजली, तिन्ही वेळा नऊच निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात डंकनसाहेब, उंच, थोडे वाकलेले, कोपराला रफू केलेला राखाडी स्वेटर. म्हणाले, ‘कदमसाहेब, चकल्या शिल्लक आहेत का?’

चकल्या संपल्या होत्या. लाडू होते. त्यांनी उभ्याउभ्या दोन खाल्ले.

हे डंकनसाहेब म्हणजे आमच्या माई दामल्यांचे जावई. माईंबद्दल आधी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय साहेबांना दिल्लीत काही काम नव्हतं. मी साताऱ्याकडून परीक्षा देऊन दिल्लीच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून लागलो, तेव्हा माई माझ्या सेक्शन ऑफिसर होत्या. नऊवारीतून पाचवारीत आलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि सचिवाची नोट वाचतानाही हातात लाल पेन्सिल असलेली बाई. ‘कदम, उद्या आपण नसू असं समजून फाईलवर लिहायचं,’ हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. त्यावर माझी पस्तीस वर्षं निघाली. पुढे त्यांच्याच सोसायटीत, त्यांच्या बरोब्बर खालचं घर मी घेतलं. त्या निवृत्त झाल्या, दामलेकाका गेले, एकुलती एक नलू शिकायला म्हणून इंग्लंडला गेली ती तिथलीच झाली. तरी माई मला ‘कदम’च म्हणत राहिल्या, आणि मीही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसत राहिलो.

नलू वयाची साठी ओलांडल्यावर आजारी पडली आणि वर्षभरात गेली. त्यानंतर काही महिन्यांनी डंकनसाहेब दोन बॅगा घेऊन माईंच्या दारात उभे राहिले. पाहुणा आहे, आठ दिवस राहील, असं सगळ्यांना वाटलं. ते साडेचार वर्षं राहिले.

इकडे येण्यापूर्वी ते काय होते, हे त्यांच्या तोंडून कधी नीट कळलं नाही. ब्रिटिश सरकारच्या नोकरीत अठराव्या वर्षी साधे कारकून म्हणून लागले. वडील रेल्वेत सिग्नलवर होते. तिथून चढत चढत आपल्याकडे ज्याला सचिव म्हणतात त्याच्या एक पायरी खाली पोचले आणि तिथून निवृत्त झाले. आठ मंत्री पाहिले. त्यांतला चांगला कोण होता, असं मी एकदा विचारलं. बराच विचार करून म्हणाले, ‘तिघांची सही वाचता येत असे.’ यापलीकडे माहिती नाही. राणीच्या हातून मिळालेलं एक पदक होतं म्हणे. ते मी पाहिलं नाही, पण त्याची निळ्या मखमलीची पेटी रोज पाहायचो. तिच्यात माईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या असायच्या.

मराठी त्यांना नलूने शिकवलं होतं आणि ते खरोखर चांगलं होतं. फक्त त्यात ‘मी’ नसायचा. चहात साखर जास्त झाली तर ‘साखर कमी असावी असं एक मत आहे’ म्हणायचे. मत कोणाचं, ते नाही. मला आधी गंमत वाटायची. मग कळलं की सदतीस वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी लिहिलं की माणूस असाच बोलायला लागतो. आमच्यातही असे थोडे आहेत, फक्त ते घरी आल्यावर बायकोला ओरडताना तरी ‘मी’ म्हणतात.

दुसरी खोड तीन पर्यायांची. कुठलाही प्रश्न आला की साहेब कागदावर तीन पर्याय मांडत. पहिला अवघड, दुसरा बरा आणि तिसरा कायम एकच, ‘काहीही न करणे’. हा तिसरा नुसता रीत म्हणून लिहायचा असतो, तो कोणी निवडत नाही. माईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी असाच कागद केला. एक, शस्त्रक्रिया. दोन, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. तीन, काहीही न करणे. माईंनी चष्मा लावून कागद वाचला, लाल पेन्सिल मागवली आणि तिसऱ्यावर टिक केली. साहेब हादरले. मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘एवढ्या वर्षांत तिसरा पर्याय प्रथमच मंजूर झाला.’

माईंची सगळी देखभाल तेच करत. दिवसा मदतीला पुष्पा नावाची झारखंडची बाई यायची. ती आली की साहेब तास-दोन तास बाहेर पडत, पण तिला कार्यभार सोपवल्याशिवाय नाही. फ्रिजवर त्यांनी हिंदीत लिहिलेली चिठ्ठी असायची: ‘माई ने दो बार पूछा कि आज कौन सा दिन है. दोनों बार मंगलवार बताया गया.’ पुष्पाला वाचता येत नव्हतं. म्हणून चिठ्ठी लावून झाल्यावर ते तीच तिला मोठ्याने वाचून दाखवत. तिने मान हलवली की मगच चप्पल घालत.

बाहेर पडून जायचे ते फार लांब नाही. सोसायटीच्या बागेतल्या बाकावर दहाला बसत. तिथे लोक कागद घेऊन येत. कोणाच्या मुलीचा परदेशी शिकायला जायचा व्हिसा, कोणाचं पासपोर्टचं नूतनीकरण, गेटवरच्या गार्डच्या आईची पेन्शन. अर्ज इंग्रजीत असो की हिंदीत, ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचत. काय लिहा ते कधीच सांगत नसत. बोट ठेवून एवढंच म्हणत, ‘इथे एक ओळ राहिली आहे.’ आणि ती राहिलेली असायचीच. मुनिरक्याला खोली घेऊन शिकणारी, सोसायटीतल्या अरोरांची भाची तर मेट्रोने खास यायची. वशिला मात्र शून्य. स्वतःच्या व्हिसाचे कागद घेऊन ते दिल्लीतल्या कचेरीत तासन्‌तास रांगेत उभे राहत. आयुष्यभर ज्या रांगेच्या पलीकडे बसले, तिच्यात आता अलीकडून उभे. मी म्हटलं, माझा एक बॅचमेट आहे तिथे, फोन टाकू का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो बॅचमेट पुन्हा काढला नाही.

सगळं बरं चाललं होतं, पण एक गोष्ट वसुधाच्या नजरेतून सुटली नाही. बायकांच्या नजरेतून सुटत नाही. ती म्हणाली, ‘माई त्यांच्याशी सगळं बोलतात, त्यांच्या हातचं खातात, पण जावयाचं म्हणून काही करत नाहीत. मागचा अधिक महिना कोरडा गेला.’

आता हे दिल्लीत वाढलेल्या आमच्या लेकीलासुद्धा समजावून सांगावं लागलं. साधारण तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, तो अधिक. त्या महिन्यात सासूने लेक-जावयाला वाण द्यायचं असतं. तबकात तेहेतीस अनारसे, वर दिवा, जमलंच तर चांदीचं काही. ज्या घरात जावयाला वर्षभर कोणी विचारत नाही, त्या घरातही अधिकात त्याचा मान होतो. टाळेबंदीच्या वर्षी अधिक महिना आला तेव्हा निर्बंध सैल झाले होते. त्या महिनाभर साहेब रोज सकाळी बाहेर पडायचे ते जेवणाच्या वेळेलाच परतायचे. मला वाटलं, घरात कोंडून कंटाळले असतील. खरं कारण मला पुढे मुरथळच्या ढाब्यावर कळलं.

संक्रांतीला दिल्लीतले मराठी लोक बस करून पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. टाळेबंदी संपल्यावर एका वर्षी मी साहेबांना सोबत नेलं. धुकं इतकं की स्मारकाचा खांब हात लागेपर्यंत दिसेना. छावणीतून आलेले मराठा रेजिमेंटचे जवान, त्यांच्या बायका, गुरगावच्या ऑफिसांतली पोरं, सगळे हुडहुडत घोषणा देत होते. भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने कोणाचं कुठे चुकलं ते सांगितलं. साहेब मफलर गुंडाळून शेवटच्या रांगेत उभे होते. परतताना म्हणाले, ‘इथे काय होणार हे छावणीत कोणाला तरी दिसलं असेल. त्याने तोंडी सांगितलं असेल. किंवा हे आपल्याकडे येत नाही म्हणून गप्प बसला असेल.’

धुक्यामुळे बस मुरथळला दोन तास थांबली. पराठ्यावर लोण्याचा गोळा वितळत होता. मीच विषय काढला. म्हटलं, साहेब, तेव्हा निवडणुकीचं ठीक आहे, पण नंतरही तुम्ही कोणाकडून काही घेत नाही. वसुधाने विणलेला मफलर घ्यायलासुद्धा तुम्ही महिना लावलात. हे काय आहे?

त्यांनी पराठ्याचे चार सारखे तुकडे केले आणि सांगायला लागले. सांगणंही फाईल वाचून दाखवावी तसं, सावकाश.

दामलेकाका गेल्यावर नलूच्या मनात आलं की आईला आपल्याकडे आणावं. तिकडच्या कायद्यात सोय होती: म्हातारी आई, इकडे पाहणारं कोणी नाही, तर लेकीने नेता येतं. माईंनी दिल्लीतून अर्ज केला. आणि तो अर्ज ज्या खात्याकडे जायचा, त्याच खात्यात साहेब वरच्या जागेवर होते. खात्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी लेखी कळवून टाकलं की अर्जदार माझ्या सासूबाई आहेत, हा कागद माझ्यासमोर येऊ नये, मला याबद्दल कोणी काही सांगू नये. इथवर नियमाप्रमाणे झालं.

नेमका त्याच वर्षी अधिक श्रावण आला. ओळखीच्या कोणी बाई लंडनला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर माईंनी वाण पाठवलं. डब्यात तेहेतीस अनारसे, तांब्याचं तबक आणि चांदीचं निरांजन. नलू कामावर होती. साहेबांनी दार उघडलं आणि डबा पाहिला. अर्ज खात्यात पडलेला, आणि अर्जदाराकडून चांदीची वस्तू घरात. उद्या कोणी म्हणालं तर माईंचाच अर्ज नासेल. त्यांनी तिथेच बसून पत्र लिहिलं, ‘आपला अर्ज विचाराधीन असल्यामुळे ही भेट स्वीकारता येत नाही,’ आणि त्याच बाईंबरोबर सगळं वाण दिल्लीला परत पाठवून दिलं. नलूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तीही त्यात अडकली असती, असा हिशेब.

दोन महिन्यांनी अर्ज फेटाळला गेला. नलूने तो निकाल जेवणाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा साहेबांनी सासूबाईंचा अर्ज पहिल्यांदा वाचला. जवळचे नातेवाईक या रकान्यात माईंनी पुण्याच्या पुतण्याचं नाव लिहिलं होतं. खोटं कसं लिहिणार? पुतण्या होताच. फक्त तो आपल्याला पाहत नाही, वर्षानुवर्षं फिरकत नाही, एवढी एक ओळ त्यांनी लिहिली नव्हती. त्यांना ती घरातली गोष्ट सरकारी कागदावर आणायची लाज वाटली असेल. पलीकडच्या अधिकाऱ्याने पुतण्या पाहिला आणि बाई एकट्या नाहीत असं ठरवलं.

साहेबांनी पराठ्याचा एक तुकडा बाजूला सारला. मग म्हणाले, ‘अर्ध्या मिनिटात दिसलं असतं. पाठवायच्या आधी घरी, नवरा म्हणून वाचायला कोणी मना केलं नव्हतं. वाचलं नाही.’

तेव्हाच त्यांनी नलूला वाणाचंही सांगून टाकलं. ती त्यावर भांडली नाही. तिने फक्त विचारलं, तू आईचं वाण परत केलंस? मग दोघं सुखाने नांदली, ती दर हिवाळ्यात दीड महिना दिल्लीला यायची, ते मात्र फार तर आठवडाभर यायचे. शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली, आईकडे जा. ‘ती सूचना होती की विनंती, हे अजून ठरलेलं नाही,’ साहेब म्हणाले. माईंनी परत आलेल्या डब्याबद्दल तेव्हापासून एक शब्द काढला नव्हता. अधिक महिन्यात ते घराबाहेर राहायचे, ते माईंना अवघड होऊ नये म्हणून. वाण द्यायचं नाही आणि जावई समोर बसलाय, अशी पंचाईत म्हाताऱ्या माणसाला कशाला?

मला फार वाईट वाटलं. मी आयुष्यभर नियमाने वागलो असं मी लोकांना सांगतो, पण त्यातले बरेच नियम मला सोयीचे होते. या माणसाने गैरसोयीचा नियम पाळला होता आणि त्याची शिक्षा सासूने भोगली होती. मुरथळच्या त्या ढाब्यावर मी त्यांना एवढंच म्हणू शकलो की पराठा गार होतोय.

त्यानंतरच्या वर्षी, निजश्रावणाच्या आधी, परत अधिक श्रावणच आला. अधिक श्रावण एकोणीस वर्षांनी फिरून येतो. मी बोटांवर मोजलं. तोच महिना. साहेबांनीही मोजलं असणार, कारण भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे ते पाहत नव्हते.

त्या पावसाळ्यात यमुना खूप चढली होती. खादरातली, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यातली माणसं आमच्या इथल्या पुलाखाली ताडपत्र्या ठोकून राहिली होती. साहेब सकाळपासून तिथेच. ज्यांची रेशन कार्डं, आधार कार्डं वाहून गेली होती, त्यांचे नवे अर्ज वाचत बसायचे. एका सकाळी ते निघून गेल्यावर पुष्पा खाली आली आणि म्हणाली, माईजी बुला रही हैं, भाभीजी को भी.

माई खुर्चीत बसल्या होत्या. त्र्याण्णवावं वर्ष, शरीर मुठीएवढं, पण डोळे सेक्शन ऑफिसरचे. म्हणाल्या, ‘वसुधा, अनारशाचं पीठ करता येतं का तुला?’

वसुधाने पंधरा वर्षांत अनारसे केले नव्हते, पण माईंना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. तीन दिवस तांदूळ भिजले, रोज पाणी बदललं, मग सुकवून, कुटून, गूळ घालून गोळा मुरवत ठेवला. आमच्या घरात त्या दमट हवेत आंबूस वास भरला. साहेबांना कळू नये म्हणून सगळं खाली चाललं होतं. पहिला घाणा तुपात पडल्या पडल्या फुटून हसला, पार विरघळला. वसुधा रडकुंडीला आली. माईंना पुष्पाने आणि मी खुर्चीसकट लिफ्टमधून खाली आणलं. त्यांनी गोळ्याला बोट लावलं, अजून पीठ घालायला सांगितलं, आणि पुढचे तेहेतीस त्यांनी कढईशेजारी बसून चौकीतला हवालदार मोजतो तसे मोजून घेतले.

रविवारी सकाळी साहेब नेहमीप्रमाणे निघायच्या तयारीत होते. खोलीतून बाहेर आले तर हॉलमध्ये पाट, पाटाभोवती रांगोळी, वसुधा आणि मी कडेला उभे, आणि माईंच्या पुढ्यात तबक. तांब्याचं. त्यात अनारसे, मधोमध चांदीचं निरांजन. एकोणीस वर्षं ते माईंच्या कपाटात होतं. पुष्पाने ते आदल्या दिवशी घासलं होतं.

साहेबांनी निरांजन ओळखलं. ते पाटाकडे गेले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. सवय माणसाला सोडत नाही. हळू आवाजात त्यांनी विचारलं, ‘माई, आपलं काही काम इथे प्रलंबित नाही ना?’

मी कपाळाला हात लावणार होतो. माई मात्र शांत होत्या. जणू हाच प्रश्न यायचा होता.

‘आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मोठं काम आहे तुझ्याकडे. मी गेल्यावर पुण्याच्या पुतण्याची वाट बघायची नाही. अग्नी तू द्यायचास. हा माझा अर्ज. आता सांग, वाण घेतोस की परत पाठवतोस?’

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, मला माहीत होतं की त्यांच्या डोक्यात आता तीन पर्याय मांडले जाताहेत. नव्हते जात. ते चालत आले, गुडघे दुमडून पाटावर बसले, आणि दोन्ही हातांनी तबक घेतलं. तबक एका बाजूला कललं, तशी पुष्पाने धावत येऊन खालून आधार दिला.

‘नलूचं पण आहे त्यात,’ माई म्हणाल्या. मग लाल पेन्सिलीच्या आवाजात: ‘तुझं ते पत्र बरोबर होतं. मीही तेच लिहिलं असतं. पण नलूला विचारून लिहिलं असतं.’

‘हो, माई,’ साहेब म्हणाले.

मी रडलो. साठी उलटलेल्या माणसाने ते लपवायचं काही कारण नाही. वसुधा तर आधीपासूनच रडत होती. साहेबांनी त्या दिवशी पाच अनारसे खाल्ले आणि बाकीचे मोजून सोसायटीत वाटले. गार्डला दोन दिले, कारण त्याच्या आईची पेन्शन सुरू झाली होती. आम्हाला एकही उरला नाही.

माई त्यानंतर सहा महिने होत्या. जानेवारीत एका सकाळी चहा घेता घेता गेल्या. फाईल बंद करून उठाव्यात तशा. पुढे होळीनंतर साहेब इंग्लंडला परत गेले. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो, पण ते मला तिथले आठवत नाहीत. मला आठवतात ते निगमबोध घाटावर, स्मशानाच्या खिडकीशी उभे असलेले.

धुकं होतं. पुण्याच्या पुतण्याचा फोन येऊन गेला होता, संध्याकाळच्या विमानाने येतो, थांबा. साहेबांनी फोन ऐकला, ‘आपलं मत नोंदवून घेतलं आहे,’ एवढं म्हणाले आणि थांबले नाहीत. खिडकीवर फॉर्म भरायचा होता. माझे हात गारठलेले, डोळे भरलेले, मी कसाबसा भरला आणि आत सरकवला. खिडकीतल्या माणसाने वाचला, पेन टेकवलं. मृताशी नातं, तो रकाना मी रिकामाच सोडला होता. त्याने काचेतून आमच्याकडे पाहिलं, मी, पुष्पा, वसुधा, आणि खांद्यावर पंचा घेतलेला एक गोरा म्हातारा.

‘इनका और कोई नहीं है? बेटा, भतीजा, कोई?’

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच साहेब पुढे झाले.

‘मैं हूँ,’ ते म्हणाले. ‘दामाद.’

खिडकीतल्या माणसाने फॉर्म परत बाहेर सरकवला. साहेबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, रिकाम्या रकान्यात देवनागरीत ‘जावई’ लिहिलं, खाली सही केली. मग खिशातून चष्मा काढून तो सगळा फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि आत दिला.